वनातील पायवाटांची सामूहिक निगा : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके अरबी समुद्राचा किनारा आणि सह्याद्रीच्या पश्चिमेकडील डोंगररांगा यांच्या दरम्यान वसलेले आहेत. पश्चिमेस किनारपट्टी, चिकूच्या वाड्या व लोहमार्ग आहे. मध्यभागातून मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वेकडे साग, ऐन, खैर, मोह, पळस, काकड व बांबू यांच्या पानझडी वनांनी व्यापलेला डोंगराळ प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४,०२,०९५, तर तलासरीची १,५४,८१८ होती. डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक आणि तलासरीत दहापैकी सुमारे नऊ व्यक्ती अनुसूचित जमातींच्या आहेत. त्यांत वारली समाज बहुसंख्य आहे.

या प्रदेशातील वस्ती एकगठ्ठा नाही. महसुली गाव एक असले तरी त्याचे पाडे टेकड्या, ओहळ व वनखंड यांमुळे परस्परांपासून दूर पसरलेले असतात. पाड्यापासून शाळेपर्यंत, रास्त भाव दुकानापर्यंत, विहिरीपर्यंत, आठवडे बाजारापर्यंत आणि मोहाच्या झाडापर्यंत जाणारा मार्ग अनेकदा वनातील पायवाट हाच असतो. पक्का रस्ता नसलेल्या पाड्यातील रुग्णाला डोलीत घालून याच वाटेने रस्त्यापर्यंत आणावे लागते. पायवाटेचा विचार केवळ पर्यटनाच्या अथवा निसर्गभ्रमणाच्या अंगाने करणे म्हणूनच अपुरे ठरते.

प्रस्तुत लेखात वनातील पायवाट कशी निर्माण होते, कशी बिघडते, तिची निगा कोणत्या तंत्राने राखली जाते आणि या निगेचा वनहक्कांशी काय संबंध आहे, याचे विवेचन केले आहे. वाटेची निगा आणि वाटेवरील हक्क या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्यास दोन्हीही टिकत नाहीत, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

पायवाट : संकल्पना व स्वरूप

मराठी भाषेत वाट ‘पडते’, ‘रुळते’ आणि ‘मोडते’. या तीन क्रियापदांत पायवाटेचे संपूर्ण जीवनचक्र सामावलेले आहे. रस्ता बांधला जातो. त्याचा आराखडा, अंदाजपत्रक व कंत्राटदार असतो. पायवाट मात्र अनेक पावलांच्या पुनरावृत्तीने पडते. ती रुळण्यासाठी सातत्याने वापर लागतो आणि वापर थांबला की ती मोडते. पानझडी वनात मोडलेली वाट एक-दोन पावसाळ्यांतच झुडपांखाली दिसेनाशी होऊ शकते.

केवळ वापराने मात्र वाट टिकत नाही. वापर वाटेला जन्म देतो, तसाच तो तिची झीजही करतो. झीज व दुरुस्ती यांचा समतोल राखणारे काम म्हणजे निगा होय. पाण्याला जाताना वाटेत आडवी आलेली फांदी कोयत्याने छाटणे, निसटलेला दगड पुन्हा बसवणे, ओहळात पाय ठेवण्यासाठी धोंडे मांडणे अशी ही कामे आहेत. ती चालता चालता होतात. त्यांची मजुरी कुणी मागत नाही आणि नोंदही कुणी ठेवत नाही. याच कारणामुळे ती प्रशासनाच्या व अभ्यासकांच्या नजरेतून सुटतात.

उपयोगाच्या दृष्टीने येथील पायवाटांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात पाडा ते पाडा व पाडा ते रस्ता अशा दळणवळणाच्या वाटा येतात. दुसऱ्या प्रकारात मोहफुले, सरपण, रानभाज्या, तसेच भाताच्या राबासाठी लागणारा टहाळ व पालापाचोळा आणण्याच्या उपजीविकेच्या वाटा मोडतात. तिसरा प्रकार देवस्थानांकडे जाणाऱ्या वाटांचा आहे. गंभीरगडासारख्या किल्ल्यांवर जाणाऱ्या भ्रमंतीच्या वाटा हा चौथा प्रकार होय. प्रत्यक्षात एकच वाट यांपैकी दोन-तीन कामे करते.

वाट का बिघडते?

कोकणपट्टीतील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावरील वाटेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हे वाहते पाणी. सतत चालण्याने वाटेवरील गवत नाहीसे होते, माती दबते आणि तिच्यात पाणी जिरण्याचे प्रमाण घटते. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी खोल गेली की पावसाचे पाणी तीतूनच वाहू लागते. पाण्याबरोबर माती जाते, दगड उघडे पडतात आणि वाटेची घळ होते. घळीतून चालणे कठीण झाल्यावर माणसे कडेने चालू लागतात, तेथील गवतही तुडवले जाते आणि वाट रुंदावत जाते. अशा प्रकारे एका वाटेच्या तीन-चार समांतर वाटा होतात व डोंगरउताराची धूप वाढते.

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे. पाण्याला वाटेवर राहू द्यायचे नाही. त्यासाठी वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवतात, म्हणजे पाणी तिच्या लांबीने न वाहता आडवे उतरून जाते. तीव्र चढणीवर ठरावीक अंतराने तिरपे चर काढतात अथवा दगडांची आडवी ओळ बसवतात. उतार जितका तीव्र, तितके हे चर जवळजवळ हवेत. वाटेचा चढ हा त्या ठिकाणच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा एक संकेत वाटा आखणाऱ्या तज्ज्ञांमध्ये जगभर पाळला जातो. सरळ माथ्याकडे चढणाऱ्या वाटेपेक्षा वळसे घेत जाणारी वाट लांब असली तरी अधिक टिकते. डोक्यावर मोळी घेऊन चालणारी व्यक्तीही सरळ चढण टाळून वळशाचीच वाट निवडते. या बाबतीत तंत्र आणि अनुभव यांचा निष्कर्ष एकच आहे.

दुसरे कारण वनस्पतींचे अतिक्रमण हे होय. घाणेरी व रानमोडी या परदेशी झुडपांनी महाराष्ट्रातील अनेक वनांच्या मोकळ्या कडा व्यापल्या आहेत. वाटेच्या कडेला भरपूर प्रकाश मिळत असल्याने ही झुडपे तेथे जोमाने वाढतात. ती नुसती छाटली तर पुन्हा फुटतात. पावसाने माती मऊ झालेली असताना मुळासकट उपटणे हाच परिणामकारक उपाय ठरतो.

तिसरे कारण वणवा हे आहे. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालील पाचोळा पेटवला जातो आणि क्वचित ती आग वनात पसरते. वणव्याने वाटेकडेची झाडे व मुळे नष्ट होतात आणि पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते. उलट, पाचोळा झाडून स्वच्छ ठेवलेली वाट ही लहान जाळरेषेचे काम करते. जमिनीलगत सरकणारी आग अशा वाटेपाशी अडवता येते. वाटेची निगा ही काही प्रमाणात वनाचीही निगा ठरते, ती या अर्थाने.

निगेचे वार्षिक चक्र

वरील कारणांचा विचार करता वाटेच्या निगेची कामे ऋतूंनुसार विभागली जातात. वैशाख-ज्येष्ठात, पावसापूर्वी, चर मोकळे करणे, निसटलेले दगड बसवणे व ओहळावरील धोंडे पक्के करणे ही कामे प्राधान्याने करावी लागतात. पावसाळ्यात पाणी नेमके कोठे तुंबते व कोठून वाटेत शिरते याचे निरीक्षण महत्त्वाचे असते, कारण उन्हाळ्यात ते दिसत नाही. पावसाळ्याअखेरीस, गवत वाढून साप-विंचवाचे भय असते तेव्हा, दोन्ही बाजूंचे गवत कापावे लागते. माघ-फाल्गुनात पाचोळा झाडण्याचे काम येते. या कामांना कोयता, टिकाव, फावडे, पहार व घमेले यांपलीकडे साधने लागत नाहीत. लागते ती वाटेची माहिती आणि ती माहिती रोज त्या वाटेने चालणाऱ्यांकडेच असते.

श्रद्धा आणि वाट

वाट विस्मरणात जाऊ नये यासाठी समाजाजवळ असलेले एक प्रभावी साधन म्हणजे देवस्थान. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते. देवीचे मूळ स्थान डोंगरावर असून, गरोदर भक्त स्त्रीला चढण सोसवेना म्हणून देवी पायथ्याशी आली, अशी आख्यायिका सांगितली जाते. यात्रेत डोंगरावर ध्वज चढविण्याचा मान परंपरेने वाघाडी गावच्या पुजाऱ्याकडे आहे. ध्वजाचा दिवस ठरलेला असल्याने वाटही दरवर्षी चालली जाते. वाट चढायला अवघड आहे म्हणून देवता खाली येते आणि तरीही वर्षातून एकदा ती वाट चढायचीच असते. या आख्यायिकेत व प्रथेत वाटेची अडचण आणि वाटेचे सातत्य या दोहोंची जाणीव दिसते.

वारली समाजातील वाघोबाची देवस्थानेही येथे महत्त्वाची आहेत. लाकडावर वा दगडावर कोरलेल्या वाघोबाची पूजा वाघबारशीला केली जाते. रम्या नायर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत वाघोबाच्या सुमारे १५० देवस्थानांची नोंद करण्यात आली. बिबट्याचा वावर असलेल्या वनात ही देवस्थाने माणूस व वन्यप्राणी यांच्या सहजीवनाच्या खुणा ठरतात. वनातील वाट ही केवळ माणसाची नाही, बिबट्याही तिचा उपयोग करतो, ही जाणीव या श्रद्धेच्या मुळाशी दिसते.

श्रद्धेची वाट एकाच समाजाची असते असे नाही. बोर्डीनजीकच्या बारडा डोंगरावरील बाहरोट लेण्यांकडे जाणारी वनातील चढण पारशी समाजाला पूज्य आहे. संजाणवरील आक्रमणानंतर पवित्र इराणशाह अग्नी काही वर्षे या डोंगरात सुरक्षित ठेवण्यात आला होता, असे ‘किस्सा-ए-संजाण’ या सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या फारसी काव्यात सांगितले आहे. वारली पाड्यांच्या परिसरातील वनवाट दुसऱ्या समाजाच्या स्मृतीचाही आधार ठरते, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

वेठ आणि श्रमदान

डहाणू-तलासरीच्या संदर्भात सामूहिक श्रमाचा विचार इतिहास वगळून करता येत नाही. ब्रिटिश काळात या भागातील आदिवासींकडून जमीनदार, सावकार व जंगल ठेकेदार विनामोबदला अथवा नाममात्र मोबदल्यावर काम करून घेत. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास केलेल्या चौकशीत या वेठीची नोंद झाली होती. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी किसान सभेच्या परिषदेसाठी हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात आला आहे.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध आहे. ज्या समाजाने फुकटच्या श्रमाविरुद्ध लढा दिला, त्याला बाहेरच्या संस्थेने वा अधिकाऱ्याने वाट दुरुस्त करण्यासाठी ‘श्रमदान’ करण्यास सांगितले, तर त्या शब्दाचा अर्थ कोणता घेतला जाईल? काम तेच, कुदळ तीच, घामही तोच. परंतु वाट कोणाची, ती कधी व कशी दुरुस्त करायची हे कोण ठरवतो, यावर ते काम वेठ आहे की निगा हे अवलंबून असते. स्वतःच्या हक्काच्या वाटेवर स्वतः ठरवून केलेले काम ही निगा होय. हक्क नाकारून मागितलेले काम, त्याला कोणतेही नाव दिले तरी, वेठीच्याच जवळ जाते.

कायद्यातील पायवाट

वनविषयक कायद्यांत पायवाटेचे स्थान दुय्यम राहिले आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वन घोषित करताना ज्या हक्कांचा दावा केला गेला नाही आणि चौकशीतही जे निदर्शनास आले नाहीत, ते हक्क कलम ९ अन्वये सामान्यतः संपुष्टात येतात. लेखी व्यवहाराशी संबंध नसलेल्या समाजाच्या वाटा अशा तरतुदीपुढे टिकणे कठीण होते. कलम २५ अन्वये राज्य शासनाच्या पूर्वसंमतीने राखीव वनातील सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करता येते. मात्र वाजवी सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असणे वा करून देणे ही त्यासाठीची अट आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ ने वनात हक्क बजावणाऱ्या व्यक्तींवर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य घातले. कर्तव्य निश्चित, परंतु वाट मात्र अनिश्चित, अशी ही रचना होती.

वनाबाहेरील जमिनींबाबत स्थिती काहीशी वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काबाबत तहसीलदार निर्णय देऊ शकतो. कलम १६५ अन्वये शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनींवरील वहिवाटीच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ मध्ये नोंदविण्याची तरतूद आहे. वनातील पायवाट या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते.

डहाणू तालुक्याला २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित केले. या अधिसूचनेने हिरवी क्षेत्रे, फळबागा व आदिवासी क्षेत्रे निश्चित करून त्यांना संरक्षण देण्याची दिशा दाखविली. क्षेत्रे नकाशावर आली, तरी त्या क्षेत्रांना जोडणाऱ्या वाटा स्वतंत्र घटक म्हणून विचारात घेतल्या गेल्या नाहीत.

या परिस्थितीत मूलभूत बदल घडविण्याची क्षमता अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ मध्ये आहे. या कायद्याच्या कलम ३(१) मध्ये निस्तार हक्क, गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क, परंपरेने सांभाळलेल्या सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आणि रूढीने उपभोगलेले, शिकार वगळता, अन्य पारंपरिक हक्क यांचा समावेश आहे. कलम ५ ने ग्रामसभेला व हक्कधारकांना वन, वन्यजीव व जैवविविधतेच्या रक्षणाचे अधिकार दिले. येथे हक्क व कर्तव्य प्रथमच एकाच हाती आले. नियमांनुसार ग्रामसभेने स्थापन केलेली समिती सामूहिक वनक्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा तयार करते व ग्रामसभा त्यास मान्यता देते. कलम ३(२) अन्वये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यांसह तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविता येते. त्यासाठी तोडावयाच्या झाडांची संख्या हेक्टरी ७५ हून अधिक असता कामा नये.

तरीही एक उणीव राहते. रस्त्याचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे, पायवाटेचा नाही. ती अन्य हक्कांत गृहीत धरावी लागते. मोहफुले वेचण्याचा हक्क मान्य झाला तरी मोहाच्या झाडापर्यंतची वाट नोंदवलेली नसेल, तर कुंपण वा चर घातल्यावर तो हक्क कागदावरच राहण्याचा धोका असतो. म्हणूनच दाव्यासोबतच्या नकाशात आणि व्यवस्थापन आराखड्यात पायवाटांचा नामनिर्देशपूर्वक समावेश करणे अगत्याचे आहे.

अन्यत्रचे अनुभव

इंग्लंड व वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली. अशा नकाशातील नोंद हा त्या वाटेवरील सार्वजनिक हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची अ‍ॅपलाचियन वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिचे भाग वाटून घेतलेले सुमारे तीस स्थानिक क्लब स्वयंसेवकांच्या साहाय्याने तिची निगा राखतात. जपानमधील कुमानो या तीर्थवाटा २००४ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाल्या. तेथे झिजलेल्या वाटेवर माती वाहून नेऊन टाकण्याच्या सामूहिक कामाला ‘मिचिबुशिन’ हे जुने नाव आहे. पहिल्या उदाहरणातून नोंदीचे, दुसऱ्यातून जबाबदारीच्या विभागणीचे आणि तिसऱ्यातून परंपरेचे महत्त्व लक्षात येते. मात्र या वाटांवर आज चालणारे बहुसंख्य लोक हौसेने वा भक्तीने चालतात. डहाणू-तलासरीत लोक गरजेने चालतात. हा फरक विसरून केलेले अनुकरण उपयोगाचे नाही.

महाराष्ट्रातील अनुभव अधिक जवळचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क प्राप्त झाल्यावर वनाचे नियोजन ग्रामसभा समर्थपणे करू शकते, हे या गावाने दाखवून दिले.

अडचणी व उपाय

आज पायवाटांसमोर तीन प्रमुख अडचणी आहेत. पहिली म्हणजे द्रुतगती महामार्ग व द्रुतगती रेल्वे यांसारख्या लांब रेषेतील प्रकल्पांमुळे वाटा तुटणे. भूसंपादनात जमीन, घर व झाड यांची मोजणी होते, परंतु अनेकांच्या वापरातील वाट कुणा एकाची मालमत्ता नसल्याने ती सहज नजरेआड होते. दुसरी अडचण अशी की, पक्का रस्ता व दुचाकी आल्यावर काही वाटांचा वापर घटतो आणि त्या वाटांची माहिती वृद्धांपुरती उरते. पावसाळी भ्रमंतीस येणाऱ्यांमुळे होणारा कचरा व वाटांचे रुंदावणे ही तिसरी अडचण होय.

यावर पुढील उपाय सुचविता येतात. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतविषयक १९९६ चा कायदा व महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. वाटेचा निर्णय वाट वापरणाऱ्या पाड्याच्या पातळीवर व्हावा. प्रत्येक वाटेचे स्थानिक नाव, आरंभ, शेवट, उपयोग व धोक्याच्या जागा यांची यादी ग्रामसभेने ठरावाद्वारे करावी. पाणी व सरपण आणणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान या यादीचा पाया असावे. निगेचे काम मोठे व नियमित असेल, तर ते मोबदल्याचे काम म्हणून आराखड्यात धरले जावे. चालता चालता होणारी निगा तेवढी स्वेच्छेवर सोडावी. भ्रमंतीसाठी कोणती वाट खुली ठेवायची आणि कोणती नाही, हेही ग्रामसभेनेच ठरवावे.

महाविद्यालयांना येथे निश्चित भूमिका आहे. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत विद्यार्थी ग्रामीण भागात श्रमकार्य करतात. एखाद्या वाटेवर सात दिवस काम करून परत येण्यापेक्षा, ग्रामसभेच्या संमतीने वाटांचे नकाशे तयार करण्यास साहाय्य करणे अधिक टिकाऊ ठरेल. भूगोल विभाग आरेखन, वनस्पतिशास्त्र विभाग वाटेकडील झाडांची नोंद, मराठी विभाग स्थलनामे व आख्यायिकांचे संकलन आणि राज्यशास्त्र विभाग कायदेशीर तरतुदींचे स्पष्टीकरण अशी कामे करू शकतात. तयार झालेल्या नकाशाची मालकी व त्याच्या प्रसिद्धीचा निर्णय मात्र ग्रामसभेकडेच राहिला पाहिजे. देवस्थानांच्या व वनौषधींच्या वाटा जाहीर झाल्यास त्यांचेच नुकसान होण्याचा संभव असतो.

समारोप

पायवाट ही समाजाच्या मालकीची अशी संपत्ती आहे की जी न वापरल्यास नष्ट होते आणि नुसती वापरल्यासही झिजते. तिचे रक्षण वापर, निगा व हक्क या तिन्हींच्या एकत्र येण्याने होते. डहाणू व तलासरी येथील समाजाजवळ वापर आहे, निगेचे ज्ञान आहे आणि वेठीला नकार देण्याचा इतिहासही आहे. २००६ च्या कायद्याने हक्काचे दार उघडले आहे, पण त्या दारापर्यंत जाणारी वाट अद्याप पुष्कळ ठिकाणी कागदावर यावयाची आहे. पाड्यातील ज्या वृद्धांना या वाटांची नावे ठाऊक आहेत, ते हयात असतानाच हे काम व्हावयास हवे. एकदा मोडलेली वाट पुन्हा पाडता येईल; तिचे विसरलेले नाव मात्र परत मिळणार नाही.